गोळी आणि पेला : एक न मांडलेला हिशेब

(दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



चहा आणि साखर हे पूरक वस्तूंचे आपले नेहमीचे उदाहरण. चिंताशामक गोळी आणि मद्य ही जोडीही अनेकांना तशीच भासते. येथे मात्र एका वस्तूमुळे दुसरीची उपयुक्तता नव्हे, तर धोका वाढतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा प्रभाव वाढवतात. मद्याचाही परिणाम त्याच दिशेने होतो. दोन्ही एकत्र आल्यास गुंगी येते, तोल जातो, स्मृती हरपते आणि श्वसन मंदावते. झोपेतच श्वास थांबण्याचा संभव असतो. ‘गोळी दुपारी घेतली, पेला रात्री’ हा युक्तिवादही फसवा आहे. डायझेपामचा अंश शरीरात काही दिवस राहतो.

गाझियाबाद येथील ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यसेवन करतात, तर सुमारे १.१८ कोटी व्यक्ती शामक औषधे वैद्यकीय कारणाविना घेतात. अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीखाली आली. विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांची नोंद करून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. परंतु नोंदवही दुकानापुरती असते. घरातील पेल्यापर्यंत ती पोहोचत नाही.

केवळ पुरवठा रोखणेही पुरेसे नाही. २०१५ मध्ये तेलंगणात ताडीतील अल्प्राझोलामच्या भेसळीवर कारवाई होताच निजामाबादसह अनेक जिल्ह्यांत शेकडो लोक कंप, झटके व भ्रम या लक्षणांनी रुग्णालयात आले. बंदीबरोबर उपचारांची सोय हवी, हा त्याचा धडा. म्हणूनच नियमित गोळी घेणाऱ्याने ती स्वतःहून एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी.

गोळीच्या वेष्टनावर छापलेल्या किमतीत अपघात, बुडालेला रोजगार आणि कुटुंबाची होरपळ यांचा समावेश नसतो. हा खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डॉक्टरांनी मद्यसेवनाविषयी निःसंकोच विचारणे आणि रुग्णाने खरे सांगणे. चिंता असह्य झाल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. मद्य व गोळी एकत्र घेतलेली व्यक्ती हाक मारूनही जागी होत नसेल, तर ‘झोपू द्या’ असे न म्हणता तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. त्या क्षणी लोकलज्जेपेक्षा प्राण मोलाचा आहे.