न बांधलेले घर विकत घेताना

(धरणगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या वाडवडिलांनी धरणगावात घरे बांधली, ती डोळ्यांदेखत. गवंडी-सुतार समोर राबत, लाकूड पारखून घेतले जाई, आणि जेवढे काम उठे तेवढीच मजुरी हाती पडे. आज आपली मुले नोकरीनिमित्त जळगाव, नाशिक, पुणे येथे स्थायिक होत आहेत. आणि जे घर अद्याप नकाशातच आहे, त्यासाठी गावाकडचे शेत किंवा घरातील दागिना मोडला जात आहे.

अशा खरेदीत लाभ नाही, असे मी म्हणणार नाही. तयार घरापेक्षा किंमत बहुधा कमी पडते. रक्कम हप्त्याहप्त्याने द्यावयाची असल्याने मध्यम स्थितीच्या गृहस्थास उसंत मिळते. मजला व दिशा निवडता येते. पूर्वेचे दार सर्वांनाच हवे असते आणि ते आधी येणाऱ्यासच मिळते! परंतु या स्वस्ताईचा हिशेब पुरा मांडावा. बँकेने रक्कम दिली की व्याज सुरू होते आणि राहत्या जागेचे भाडेही चुकत नाही. शिवाय, अपुऱ्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून सर्वसाधारणपणे पाच टक्के, आणि परवडणाऱ्या घरांच्या वर्गात एक टक्का, वस्तू व सेवा कर पडतो. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही.

खरा धोका मात्र पैसा कामाच्या पुढे धावण्यात आहे. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना आपणांस ठाऊकच आहे. १९९० च्या दशकात हजारो घरांचा संकल्प झाला, ठेकेदारास आगाऊ रकमा गेल्या, आणि घरे बहुतांशी अपुरी राहिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. पुढे अपिले झाली. तो भाग न्यायालयांचा. ज्या संस्थेच्या पदरी अभियंते व वकील होते तिची ही गत, मग एकट्यादुकट्या गृहस्थाने किती जपावे!

कायद्याचा आधार आहे, नाही असे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदविल्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकास घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के निराळ्या खात्यात ठेवून त्याच कामाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चाव्या लागतात. ठरल्या दिवशी ताबा न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या योजनेस महारेराकडील नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्यासारख्या गावांत पुष्कळ कामे एवढीच असतात. तेथे १९६३ चा मालकी सदनिका कायदा पाहावा. त्यात आगाऊ रकमेची मर्यादा वीस टक्के आहे.

आता महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यातील हप्ते पाहा. करार होताच तीस टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर पंचेचाळीस, सर्व स्लॅब पडल्यावर सत्तर. म्हणजे भिंती, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या यांचा पत्ता नसता आपले सत्तर टक्के गेलेले असू शकतात! परंतु हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. त्याहून कमी देण्याची बोलणी करण्यास कोणाची आडकाठी नाही, आणि ती सहीपूर्वीच करावी. नंतर कोण ऐकतो? हप्ता मागणारे पत्र आले की घरातील एकाने जागेवर जाऊन काम पाहून यावे. जळगावला जाण्यास गाडीला किती वेळ लागतो? पुण्यास असलेला मुलगा तर रविवारीही पाहू शकेल.

ज्याची मिळकत चालू आहे व ज्यास वर्ष-दोन वर्षांचा विलंब सोसेल, त्याने अशी खरेदी खुशाल करावी. परंतु निवृत्तीची सारी पुंजी किंवा मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम असेल, तर तयार घरच पाहावे, मग ते एका खोलीने लहान मिळाले तरी चालेल.