वजन उतरविण्याचा उपवास आणि पच्चक्खाणाचे बळ

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



अक्षय्य तृतीयेचा दिवस असतो. वर्षीतपाची पारणी चाललेली असतात. तेरा महिने एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी बियासन हा क्रम ज्यांनी अखंड पाळला, त्या आजीबाईंना नातवंडे उसाचा रस पाजत असतात. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी भगवान ऋषभदेवांना दिलेल्या इक्षुरसाचे स्मरण होत असते आणि अनुमोदनेने मांडव भारलेला असतो. अशा वेळी एखादा तरुण हळूच विचारतो, "आजी, वर्षभरात वजन किती किलो उतरलं?" आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात.

प्रश्न अप्रस्तुत खरा. पण तो विचारणाऱ्याची अडचण खोटी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही आहेत आणि पोटाभोवती मेद साठलेल्यांची संख्या ३५.१ कोटींच्या घरात आहे. गादीवर, काउंटरमागे किंवा संगणकापुढे दिवस घालविणारा समाज याला अपवाद कसा ठरेल? ज्या घरात अट्ठाईच्या तपस्वींचा वरघोडा निघतो, त्याच घरात औषधांचा डबाही असतो. तेव्हा त्या तरुणाला गप्प न करता, दोन्ही बाजूंनी प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

आज 'इंटरमिटंट फास्टिंग' या नावाने जे शिकविले जाते, त्याचा सांगाडा जैन घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. दिवसातील ठराविक तासच खावे आणि उरलेले तास पोटाला विश्रांती द्यावी, एवढेच त्याचे सूत्र. हिशेबासाठी सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही साडेसहाला धरावेत. सूर्यास्तापूर्वी चौविहार केला आणि सकाळी ४८ मिनिटांनी नवकारसी पारली, तर पावणेतेरा तासांचा उपवास सहज घडतो. पोरसी केली, तर पंधरा तास होतात. बियासन म्हणजे दोन वेळा बसून जेवणे आणि एकासन म्हणजे एकदाच. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचविली, तेव्हा अनेक श्राविकांना ती ओळखीची वाटली असेल, यात नवल नाही.

आता दुसरे चित्र पाहावे. बाजारपेठेतील दुकानदाराचा पहिला चहा साडेसहाला, सोबत खारी किंवा बिस्किटे. मग नाश्ता, अकराचा चहा, जेवण, चार वाजता फरसाण. दुकान वाढविता वाढविता नऊ वाजतात, दहाला जेवण आणि साडेदहाला साखर घातलेले दूध. सोळा तास तोंड चालूच! अमेरिकेतील सॉल्क संस्थेतील सच्चिदानंद पांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले की, त्यांनी पाहिलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोक दिवसाचे पंधरा तास किंवा त्याहून जास्त काळ काही ना काही खात असतात. दुकानदाराचे आयुष्य त्यांनी पाहिले नव्हते, तरी आकडा जुळतो.

उपवासात शरीरात काय घडते? यकृतात साठवलेली साखर हळूहळू संपते आणि मग शरीर चरबीकडे अधिक वळते. त्या साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणीही बांधलेले असते. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो आणि माणूस हरखून जातो. उतरलेले असते ते मुख्यतः पाणी. एक किलो चरबी जाण्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते आणि ती एका आठवड्याच्या उत्साहात पडत नाही.

केवळ घड्याळाने वजन उतरते का? सॅन फ्रान्सिस्को येथे ११६ जणांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत खाणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत सरासरी एक किलोही घटले नाही. चीनमधील ग्वांगझू येथील १३९ स्थूल व्यक्तींचा वर्षभराचा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांनी आहार सारखाच कमी केला होता. काहींनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घेतला. त्यांचे वजन सरासरी ८ किलोंनी उतरले, इतरांचे ६.३ किलोंनी, आणि हा फरक निर्णायक मानण्याजोगा नव्हता. म्हणजे वेळेचे बंधन हे कमी खाण्याचे साधन आहे, मंत्र नव्हे. अनशनाच्या लगोलग अवमौदर्य, म्हणजेच ऊणोदरी सांगणाऱ्या परंपरेला हे नवे नाही. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास व स्त्रीचा अठ्ठावीस धरून त्यातून घास कमी करीत जाणे, हेही तपच आहे. मिरवणूक मात्र ऊणोदरीची कधी निघत नाही!

लवकर जेवण्याचा लाभ वजनाहून वेगळाही असू शकतो. अलाबामा विद्यापीठात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांना दुपारी तीनपूर्वी दिवसाचे शेवटचे जेवण देऊन पाहिले. पाच आठवड्यांत वजन फारसे बदलले नाही, तरी इन्सुलिनचे कार्य व रक्तदाब सुधारले. २०१८ सालचा हा प्रयोग लहान आहे, एवढे लक्षात ठेवूनच त्याचा उल्लेख व्हावा. तसेच योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले, म्हणजे उपवासावर नोबेलची मोहोर उमटली, असे अनेक सभांतून सांगितले जाते. ओसुमी यांचे संशोधन पेशी स्वतःचे जीर्ण भाग कसे पचवितात, याविषयी होते आणि ते यीस्टवर झाले होते. तपाला असल्या उसन्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये मानली आहेत. तपाच्या बदल्यात ऐहिक फळ मागणे म्हणजे निदान. कंबर बारीक व्हावी म्हणून अट्ठाई करणे आणि त्यावर अनुमोदना स्वीकारणे यात त्या शल्याची टोच आहे. वजनासाठी उपवास करण्यात पाप नाही. आरोग्य राखणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. मात्र त्याने त्याला आरोग्याचा नियम म्हणावे, तप म्हणू नये. नाव प्रामाणिक ठेवले, तर पद्धत तपाकडून खुशाल घ्यावी.

कारण खरी अडचण सुरुवातीची नसून टिकण्याची आहे. शिकागो येथे क्रिस्टा वराडी यांनी शंभर जणांवर वर्षभर प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने एक दिवस अगदी थोडे खायचे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा थोडे अधिक, म्हणजे जणू सौम्य वर्षीतपच. दुसऱ्या गटाने रोजच थोडे कमी खायचे. वजन दोघांचेही जवळपास सारखेच घटले. पण पहिल्या गटातील ३८ टक्के लोकांनी प्रयोग मध्येच सोडला, दुसऱ्यातील २९ टक्क्यांनी. त्या मंडळींना उपवासाच्या दिवशी पाचशेच्या आसपास कॅलरींची मुभा होती. वर्षीतपातील श्राविकेला उकळलेल्या पाण्याखेरीज काही नसते आणि तरी ती तेरा महिने पार करते. दोघांच्या हेतूत अंतर आहे, त्यामुळे तुलना पुरती न्याय्य नाही. पण तिच्याभोवती काय काय असते, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिचे पच्चक्खाण. ती 'जमेल तसे करीन' म्हणत नाही. आजचा, एवढ्याच वेळेचा नियम ती दुसऱ्यासमोर उच्चारून घेते. तेरा महिन्यांचे ओझे तिच्या डोक्यावर नसते. रोज सकाळी एका दिवसाचे असते. वजन उतरविणारा मात्र पहिल्याच दिवशी 'पंधरा किलो' असा आकडा भिंतीवर लावतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे पाहायचे टाळतो. दुसरे, तिच्या खाण्याच्या दिवसालाही बियासनाची मर्यादा असते. ज्याचा उपवास सोळा तासांचा आणि उरलेले आठ तास मोकाट, त्याने कमावलेले तो संध्याकाळपर्यंत गमावतो. पर्युषणानंतर किंवा दशलक्षण पर्व संपताच जी मिष्टान्नांची रीघ लागते, तिच्याविषयी अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट संगतीची. आयंबिलशाळेत नऊ दिवसांची ओळी करणारा एकटा नसतो. शेजारच्या पाटावर तेच अलोण अन्न खाणारा दुसरा असतो. स्वयंपाकघरात रात्री अकराला डबे उघडणारा मात्र अगदी एकटा असतो. म्हणून पतिपत्नींनी, दोन भावांनी किंवा फिरायला जाणाऱ्या चार मित्रांनी एकत्र नियम घ्यावा. यातही एक अन्याय घराघरांत दिसतो. सुनेने किंवा सासूबाईंनी चौविहाराचा नियम घ्यायचा आणि रात्री दहाला दुकानातून परतणाऱ्यांसाठी गरम फुलके लाटत उभे राहायचे! वासाने भूक चाळवते, चव पाहण्याचा मोह होतो आणि नियम मोडला की दोष तिलाच. घराची जेवणाची वेळ बदलल्याविना तिचा उपवास टिकणे कठीण. दुकानात संध्याकाळी सहाला डबा पाठविता येतो. पूर्वी अनेक पेढ्यांवर तो जात असे.

दोन-तीन महिन्यांनी काटा अडून बसतो, तेव्हा बहुतेकांचा धीर सुटतो. शरीर हलके झाले की त्याला लागणारे इंधनही कमी होते, म्हणून हे घडते; यात अपयश नाही. रोज काट्यावर चढण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी वजन करावे आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यक सांगते. काटा थांबला असतानाही घेर उतरत असतो. जेवणात मूग, मटकी, डाळी, ताक यांचे प्रमाण पुरेसे ठेवावे आणि थोडा व्यायाम करावा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. एखाद्या लग्नात नियम मोडला, तर आलोचना करून पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करावे. 'आता मोडलाच आहे' म्हणून महिना वाया घालवू नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपवासाचे तास वाढवू नयेत. साखर अचानक खाली जाऊन जिवावर बेतू शकते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले आणि ज्यांचे खाण्याशी नाते आधीच आजारी झाले आहे, अशांनी या मार्गाला जाऊ नये. वजनासाठी पाणी सोडण्याचे तर काहीच कारण नाही.

राहिला मांडवातील त्या तरुणाचा प्रश्न. आजीबाई बहुधा हसून म्हणतील, की त्यांनी काट्याकडे पाहिलेच नाही. त्याने मग त्यांना दुसरा प्रश्न विचारावा: उपवासाच्या दिवशी दुपारी चार वाजता, घरात फोडणीचा वास दरवळत असताना, त्या काय करीत होत्या? एखादी म्हणेल, माळ घेऊन बसत होते. एखादी म्हणेल, शेजारणीकडे जाऊन सामायिक करीत होते. तरुणाने चारच्या वेळेसाठी आपले काहीतरी शोधावे आणि तेवढे उद्यापासून सुरू करावे.

जय जिनेंद्र!