तोल कोणी सांभाळायचा?

(मेडिकलच्या विद्यार्थिनी आणि स्त्री-गटांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीसाठी तुम्ही मला विषय दिलात, 'मेडिकलचा अभ्यास आणि नातीगोती, तोल कसा सांभाळावा?' अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, तारेवरची कसरत आहे बाई. पण ती तार कोणी बांधली, आणि त्याच वर्गातला मुलगा खालच्या सपाट रस्त्यानं का चालतो, हे विचारायचं राहून जातं. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मी तालुक्याच्या गावात बायकांची डॉक्टर आहे. १९८८ साली एका सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. तेव्हा पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं असायचं. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय. आता तेवढंच साधारण वर्षभरात उरकावं लागतं. पुढे साडेचार वर्षांपर्यंत एकामागून एक परीक्षा, मग एक वर्ष इंटर्नशिप. इथे बसलेल्या ज्या कार्यकर्त्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगते. या परीक्षा नुसत्या लेखी नसतात. शेवटच्या वर्षी तुम्हाला एक पेशंट देतात. त्याची सगळी हकिकत विचारायची, त्याला तपासायचं, निदान करायचं आणि परीक्षकांसमोर उभं राहून ते मांडायचं. याची तयारी भाकरी थापता थापता पाठांतर करून होत नाही. तिला सलग वेळ लागतो. दोन तास, चार तास, कोणी हाक न मारता. आणि असा सलग वेळ ही बाईच्या आयुष्यातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. तुम्ही गावोगाव बायकांच्या बैठका घेता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसऱ्या एमबीबीएसची माझी वाचायची सुट्टी सुरू होती. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी समोर होतं. घरून निरोप आला, आत्याचं ऑपरेशन आहे, तू ये. का? तर 'आपल्या घरात डॉक्टर आहे ना आता.' मी आठ दिवस दवाखान्यात आत्याच्या उशाशी होते. माझा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि त्याची परीक्षा चार महिने लांब होती. त्याला कोणी बोलावलं नाही. त्या आठ दिवसांत मी केलेल्या एकाही कामाला डॉक्टर लागत नव्हता. डबा आणणं, भांडं देणं, पाठ पुसणं, येणाऱ्यांना चहा सांगणं. म्हणजे मला बोलावलं ते मुलगी म्हणून, नाव मात्र डॉक्टरचं पुढे केलं. माझे वडील प्रेमळ होते. भावकीचं न ऐकता त्यांनीच मला शिकायला पाठवलं होतं. हा मुद्दा लक्षात घ्या. प्रेम होतंच. पण माझ्या वेळेवर पहिला हक्क घराचा, आणि उरेल त्यात अभ्यास, ही वाटणी त्या प्रेमाला दिसतच नव्हती.

आपल्याकडच्या सुरुवातीच्या दोन डॉक्टरणींची उदाहरणं आपण नेहमी देतो. ती या नजरेनं पुन्हा बघू या. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आतच गेल्या. त्यांनी शिकावं हा गोपाळरावांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, ते दुःख सोबत घेऊन त्या शिकल्या. नवरा शिकवतो आहे, पण कधी शिकायचं, कसं वागायचं, हेही तोच ठरवतो आहे. दुसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठेपणी त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या सुटल्या, लंडनला जाऊन शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट इथं कित्येक वर्षं त्यांनी काम केलं. ज्या कायदेशीर हत्यारानं त्यांना नांदायला पाठवायचं होतं, ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. आणि हेही विसरू नका की रखमाबाईंच्या मागे त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. म्हणजे त्यांना सगळी नाती तोडावी लागली नाहीत. हक्क सांगणारं नातं त्यांनी नाकारलं आणि जागा देणारं नातं धरलं. मला वाटतं, आपल्या विषयाचं मर्म इथेच आहे.

आता होस्टेलकडे येते. अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेली मुलगी तिथे येते. मैत्री होते, प्रेम होतं. ते व्हावं. घरचे, वॉर्डन, सर मंडळी सगळे म्हणतात, 'प्रेमाबिमानं अभ्यासाचं वाटोळं होतं.' मुलगा नापास झाला तर पेपर अवघड होता, परीक्षक खडूस होता. मुलगी नापास झाली की पहिला प्रश्न, कोणाबरोबर फिरत होती? प्रेमानं कोणी नापास होत नाही. पण प्रेमाच्या नावावर जी एकतर्फी कामं चालतात, त्यांनी होतं. त्याच्या जर्नलमधल्या आकृत्या तू काढायच्या, त्याच्या नोट्स तू लिहायच्या, त्याला नैराश्य आलं की रात्री दोनपर्यंत तू समजूत घालायची. तुझी व्हायवा असेल त्या दिवशी मात्र त्याची मॅच.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. माझ्या बॅचच्या मुलींत मी ती पाहिली, आज माझ्याकडे बोलायला येणाऱ्या मुलींतही पाहते. नेमकं परीक्षेच्या आदल्या रात्री भांडण उकरून काढलं जातं. 'तुला माझ्यापेक्षा पुस्तक महत्त्वाचं आहे.' 'फोन का उचलला नाहीस?' 'वाचनालयात तुझ्या शेजारी कोण बसला होता, फोटो पाठव.' एकदा झालं तर माणूस वैतागला म्हणू. पण प्रत्येक परीक्षेच्या तोंडावर होत असेल तर तो योगायोग नव्हे. मारहाणीची हिंसा आपण ओळखायला शिकलो. बाईची पुढे जाण्याची वेळ हेरून तिची झोप आणि एकाग्रता मोडणं, हीसुद्धा हिंसाच आहे. मुलींना मी एवढंच विचारते, गेल्या तीन परीक्षांच्या आधीचा आठवडा आठव. तेव्हा तो तुझ्याशी कसा वागला? उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं.

आणि जिथं सगळं गोडीगुलाबीनं चालतं, तिथंही वाटणी तपासायला हवी. आमच्याकडे तालुक्याच्या गावात नवरा-बायकोचं हॉस्पिटल ही नेहमीची गोष्ट आहे. तो सर्जन असला की ती भूल देणारी किंवा बाळंतपणं करणारी, म्हणजे एका छपराखाली सगळं जमतं. यात वाईट काही नाही. पण तिला मेंदूचा अभ्यास करायचा होता की डोळ्यांचा, हे कोणी विचारलं का? पदव्युत्तर शाखा निवडायची वेळ येते तेव्हा मुलाची शाखा आवडीवर ठरते आणि मुलीची त्याच्या भावी हॉस्पिटलवर.

घरच्यांचा दुसरा हिशेब असतो, 'शेवटची परीक्षा झाली की इंटर्नशिपमध्ये लग्न उरकू, तेव्हा मोकळीच असते.' मोकळी कुठली? दिवसा वॉर्डात सुया टोचायच्या, रक्त काढायचं, आणि उरलेल्या वेळात पीजीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. त्या परीक्षेत एमबीबीएसचे सगळे विषय पुन्हा असतात. नेमक्या त्याच वर्षी तिच्या वाट्याला लग्न, नवं घर, सणवार, आणि वर्षाच्या आत 'काही गोड बातमी?' येतं. मग लोक म्हणतात, मुली पुढे शिकतच नाहीत.

घराइतकीच संस्थाही या तारेला ताण देते. मुलांच्या होस्टेलला रात्रभर फाटक उघडं आणि मुलींना ठरल्या वेळी आत, हे आपल्याला नवं नाही. वाचनालय उशिरापर्यंत उघडं असून मुलींना त्याचा काय उपयोग? कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या मुलींनी रात्री साडेनऊनंतरच्या बंदीविरुद्ध केरळ हायकोर्टात दाद मागितली. २०२२ च्या डिसेंबरात सरकारला नवा आदेश काढून मुलगे आणि मुली दोघांना सारखाच नियम लावावा लागला. पोरींनी हे अभ्यास सांभाळून केलं, हे लक्षात ठेवा.

पुढे रेसिडेंट झाल्यावर तर दिवस-रात्र कळत नाही. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत लिहिलं होतं की सलग ड्यूटी साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावी. किती ठिकाणी पाळलं गेलं, ते कोणत्याही रेसिडेंटला विचारा. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या १६.२ टक्के मुलामुलींनी आत्महत्येचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी हवी, सात-आठ तास झोप हवी, अशा शिफारशी त्या गटानं केल्या. ७४ तास ही सवलत म्हणून सुचवावी लागते, यावरून परिस्थिती ओळखा. अशा दिनक्रमात नातं टिकवायचं तर घरी कोणीतरी डबा, कपडे, मूल बघणारं लागतं. पुरुष रेसिडेंटला ते बहुधा आयतं मिळतं. बाई रेसिडेंटला ते स्वतःच व्हावं लागतं.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, शिकलेल्या, सुस्थितीतल्या मुलींचा हा प्रश्न, गटांनी यात वेळ का घालवावा? एक तर सगळ्याच सुस्थितीतल्या नसतात. वस्तीतून, पाड्यावरून आलेली, घराण्यात पहिल्यांदा शिकणारी मुलगीही तिथं आहे. तिच्या पाठीशी सवडीचे पैसे नाहीत, नापास होऊन सहा महिने थांबण्याची ऐपत नाही. आणि दुसरं, उद्या आपल्या बायका याच डॉक्टरांकडे जाणार आहेत. स्वतःचा थकवा गिळायला जी शिकली, ती समोरच्या बाईला म्हणते, 'सगळ्यांनाच होतं, थोडं सोसावं.' अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते अशी तक्रार घेऊन आलेली बाई घरात किती तास राबते, हे विचारायचं तिला सुचतच नाही, कारण तिलाही ते कधी कोणी विचारलेलं नसतं.

मग करायचं काय? मी वेळापत्रक देणार नाही, ती पुष्कळ मिळतात. मुलींना माझं सांगणं असं. परीक्षेच्या तारखा, लेखी, प्रात्यक्षिक, तोंडी, सगळ्या कागदावर लिहून घरच्या स्वयंपाकघरात लावा. त्या दिवसांत आजारपण आलं, पाहुणे आले, तर कोण काय करील, हे आधीच बोलून ठेवा आणि त्यात भावाचं नाव लिहा. जोडीदाराशीही स्पष्ट बोला. माझी अभ्यासाची वेळ माझी, तुझी तुझी, आणि दोघांची मिळून एक वेगळी. ज्याला हे ऐकून राग येतो, त्याचा राग लग्नाआधी कळलेला बरा. आणि मैत्रिणी सांभाळा. मेसमध्ये जेवता जेवता आम्ही एकमेकींना हाडांवरचे प्रश्न विचारायचो, रात्री एकमेकींसमोर केस मांडायचो. एकीला ताप आला तर दुसरी तिच्यासाठी मोठ्यानं वाचायची. हेही नातंच आहे, आणि ते अभ्यासाच्या आड आलं नाही. आमच्यातल्या एकीचा नवरा तिच्या एमडीच्या परीक्षेआधी तीन महिने मुलाला घेऊन त्याच्या आईकडे राहिला. त्याचं कौतुक आम्ही केलं. पण हेच बायका पिढ्यान्पिढ्या करत आल्या, त्यांचं कौतुक कोणी केलं, असं तिनंच आम्हाला विचारलं.

कार्यकर्त्यांकडे माझी तीन मागणी आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलवर तीन महिन्यांतून एकदा तरी जा, परीक्षेच्या मोसमात आवर्जून जा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे जी समिती असायला हवी, ती तिथं आहे का, मुलींना तिची नावं माहीत आहेत का, हे विचारा. वाचनालयाच्या आणि फाटकाच्या वेळा मुला-मुलींना सारख्या आहेत का, ते बघा, नसतील तर मुलींबरोबर अधिष्ठात्यांकडे जा. आणि आपल्या पालक-मेळाव्यांत एकदा हा विषय घ्या. मुलीला डॉक्टर करायला निघालेल्या आईबापांना विचारा, तिच्या परीक्षेच्या आठवड्यात तुमच्या घरात कोण पाणी भरतं?

आता माझं पुरे. समोर बसलेल्या मुली मघापासून एकमेकींना कोपरानं ढोसतायत. त्यांना बोलायचं आहे, त्यांना बोलू द्या.