चार दिवसांचा कारभार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे. आठ महिन्यांपूर्वी आपल्या आधीच्या अध्यक्षीणबाई मुलाकडे कायमच्या राहावयास गेल्या आणि निवडणूक होईतो मंडळाचा कारभार माझ्याकडे आला. आज नव्या कार्यकारिणीच्या हाती किल्ल्या द्यावयाच्या आहेत. म्हणून अशा तात्पुरत्या कारभाऱ्याविषयीच चार शब्द बोलते.

घरात हा प्रकार आपल्याला नवा नाही. सून बाळंत झाली की गावाहून कोणी आत्याबाई येतात आणि सव्वा महिना स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात जाते. माझ्या वेळी ज्या आल्या त्यांनी पहिल्याच दिवशी सगळे डबे खाली काढले. फळीमागे किडकी डाळ होती. सासूबाईंच्या भिडेने ती मला टाकता येत नव्हती. आत्याबाईंनी मुकाट्याने टाकली. त्यांना कसली भीड? सव्वा महिन्याने त्यांना एस.टी.त बसायचे होते!

आपल्या गावाने तर अशा आत्याबाई दोनदा पाहिल्या. पालिकेत निवडून आलेली माणसे नसली की सरकार सगळा कारभार एका अधिकाऱ्याच्या हाती देते, त्यास प्रशासक म्हणतात. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि भोवतालची गावे मिळून एक महापालिका झाली. तीन चुली मोडून एक चूल करायची तर कोणीतरी तिऱ्हाईत हवाच, हे मला पटते. (अंबरनाथ पुढे वेगळे निघाले, ती गोष्ट निराळी.) पण शेजारी ठाण्याला १९८२ साली महापालिका झाली आणि १९८६ मध्ये निवडणूकही झाली. आपली पहिली निवडणूक १९९५ साली! बारा वर्षे म्हणजे काय, तेवढ्यात बाळंतपणातले मूल शाळेत सहावी-सातवीला जाते.

दुसरी खेप आपण सर्वांनीच पाहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. आधी कोरोना, मग आरक्षण आणि प्रभागांचे कोर्टकज्जे, असे करता करता मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक, आणि तेही बदलत गेले.

त्या काळात चांगले काही झाले नाही असे मी म्हणणार नाही. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास आणि धूर कल्याणकर भगिनींना सांगायला नको. ती कचराभूमी २०२१ साली बंद झाली. त्यासाठी घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सक्ती झाली. आपल्यापैकी कितीजणी तेव्हा कुरकुरल्या ते आठवा, मीही कुरकुरले. उद्या मते मागायला येणाऱ्याला एवढे कडक होणे जड गेले असते.

पण नगरसेवकांच्या १२२ जागा, त्यांत निम्म्या म्हणजे ६१ बायकांच्या. त्या पाच वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिल्या. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे घटनेत लिहिले आहे. आयुक्तांच्या कचेरीत अर्ज देता येतो हे खरे. पण आपल्या प्रभागातली बाई, जिला भाजीबाजारात थांबवून विचारता येते, ती निराळी.

आता माझे सांगते. कारभार हाती आला तेव्हा मंडळाचे पैसे कपाटात डब्यात होते आणि दोन वर्षांचा हिशेब वहीत चढलेला नव्हता. कोणी खाल्ले असे नव्हे. एकमेकींना विचारायचे कसे, ही भीड. मी पैसे बँकेत टाकले, दोघींच्या सह्यांवाचून काढता येणार नाहीत असे केले आणि पाच रुपयांचीही पावती मागू लागले. “सातवी शिकलेली आम्हाला हिशेब शिकवते,” असे माझ्या पाठीमागे बोलले गेले. मला पुढे उभे राहावयाचे नव्हते, म्हणून ते सोसले.

एक मात्र चुकले. हिशेबात तोटा दिसला म्हणून मी मंगळवारचा शिवणवर्ग बंद केला. कोणाला विचारले नाही. तो वर्ग चालवणाऱ्या आपल्या बाई त्यानंतर मंडळात आल्या नाहीत. तिथे येणाऱ्या दोन मुली ब्लाऊज शिवून घराला हातभार लावीत होत्या, हे मला नंतर समजले. डाळ किडकी होती, ती टाकणे माझे काम होते. वर्ग ठेवावा की मोडावा हे सर्वांनी बसून ठरवायचे होते आणि ते आठ महिने सहज थांबले असते. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. त्यांनी चहा दिला, पण वर्गाचा विषय काढू दिला नाही.

नूतन अध्यक्षीणबाई, या कपाटाच्या किल्ल्या, हे बँकेचे पासबुक आणि ही वही. वहीच्या शेवटच्या पानावर राहिलेली कामे लिहिली आहेत. पहिले शिवणवर्गाचे आहे. यंत्राला मी तेल घालून ठेवले आहे.