बंद पडलेला संगणक व शाळेचे दप्तर
(शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



मिरजेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील जीर्ण कागद वाचून, निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापण्यास आरंभ केला. कागदास वाळवी लागते, पाणी लागते. पण ज्याच्या प्रती झाल्या ते टिकते. शाळेचे दप्तर आता संगणकात गेले, तरी हा नियम बदललेला नाही.

२०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली. पुढे ‘युडायस प्लस’ची माहितीही ब्राउझरमधूनच भरली जाऊ लागली. साताऱ्याच्या डोंगरातील द्विशिक्षकी शाळा असो की सांगलीच्या कृष्णाकाठची, विजेचा दाब कमीजास्त होऊन संगणक मधेच बंद पडला की मुख्याध्यापकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी हात चालविण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: जे गेले, ते होते कोठे?

ठिकाणे तीन असतात. ‘जतन करा’ म्हणून पाठविलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर असते. ती दुसऱ्या संगणकावरून पुन्हा दिसते; तिची चिंता नको. बुकमार्क, पाहिलेल्या पानांची यादी व साठविलेले पासवर्ड संगणकाच्या डिस्कवर असतात. ते बहुधा परत मिळतात. भरलेला परंतु जतन न केलेला अर्ज मात्र चालू स्मृतीत असतो व वीज जाताच बहुतेक नाहीसा होतो. फायरफॉक्स उघड्या पानांची नोंद थोड्याथोड्या सेकंदांनी डिस्कवर ठेवीत असल्यामुळे त्यातील मजकूर पुष्कळदा वाचतो. पण त्यावर विसंबू नये.

संगणक पुन्हा सुरू झाल्यास ब्राउझर उघडावा. पूर्वीची पाने परत आणण्याविषयी तो विचारील, त्यास होकार द्यावा. न विचारल्यास कंट्रोल, शिफ्ट व टी या कळा एकदम दाबाव्यात. तरीही पाने न आल्यास ब्राउझर वारंवार उघडू-मिटू नये; कारण नवी नोंद जुनीवर बसते. ब्राउझर बंद करून प्रथम त्याच्या प्रोफाइलचे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरून घ्यावे व मगच पुढील उपाय करावेत. क्रोममध्ये ‘बुकमार्क्स’ या फाइलजवळच ‘बॅक’ अशी पुस्ती जोडलेली तिची आधीची प्रत असते. पुस्ती काढून ती मूळ फाइलच्या जागी ठेवता येते. फायरफॉक्स तर बुकमार्कच्या तारीखवार प्रती ठेवतो. पासवर्डची गोष्ट निराळी. विंडोजवरील क्रोम ते त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या खात्याशी कुलूपबंद करतो. म्हणून फाइल दुसरीकडे नेली तरी ते उघडत नाहीत. शाळेच्या स्वतंत्र खात्याने सिंक चालू ठेवले असेल, तर मात्र ते परत येतात.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तरी डिस्क पुष्कळदा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते. दुरुस्ती करणारा ‘नवी विंडोज टाकून देतो’ म्हणाला, तर आधी डिस्कची नक्कल मागावी. डिस्क पुसून नवी विंडोज बसली, की जुने हाती येणे फार कठीण.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. पुरात भिजलेला संगणक चालतो का हे पाहण्यासाठी वीज जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. डिस्क उघडू नये, उन्हातही ठेवू नये. ती जाणकाराच्या हवाली करावी.

यासाठी तीन सवयी पुरेत. दर पानास ‘जतन करा’ दाबावे. दर शनिवारी महत्त्वाच्या फाइली व बुकमार्क पेनड्राइव्हवर उतरून तो शाळेबाहेर, उंच व सुरक्षित जागी ठेवावा. पासवर्ड लिहिलेली वही मुख्याध्यापकाने कुलपात ठेवावी. भिंतीवर लावू नये.

संगणक दुरुस्त होतो, नवाही मिळतो. पण ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर होते, हे त्या एका नोंदीवरून कळते. ती हरवली, तर हेलपाटे त्याच्या आईबापांना पडतात. म्हणून प्रत करण्याचा कंटाळा शिक्षकाने करू नये, एवढे सांगून हे व्याख्यान पुरे करणे उचित होईल.