पाकिटावरचा पत्ता



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एक जळगाव आहे, खानदेशात दुसरे. म्हणून आपल्याकडच्या गावाला 'जळगाव जामोद' म्हणायचे. पण पाकिटावर नुसते 'जळगाव' लिहिले, तर पत्र जायचे कोठे? असे घोळ टळावेत म्हणून टपालखात्याने 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकडी पिनकोड सुरू केला. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. जळगाव जामोदचा पिन 443402, खानदेशातल्या जळगावचा 425001. आकडा बरोबर, की पत्र बरोबर.

आता शाळेची पुष्कळ पत्रे ईमेलने जातात. शंभर पालकांना एकेक पत्र कोण लिहीत बसणार? गुरुजी यादी करतात आणि एक लहानसा प्रोग्रॅम पत्रे धाडतो. येथेच जपायला हवे. गावचा पोस्टमन अर्धवट पत्ता पाहूनही घर ओळखतो. यंत्राला ती ओळख नाही.

ईमेलचा पत्ता दोन तऱ्हांनी लिहितात. एक, नुसता पत्ता. दुसरी, आधी नाव आणि पुढे कोनी कंसात पत्ता. पत्ते अनेक असले, की मध्ये स्वल्पविराम. आता यादीत नाव आहे 'देशमुख, रा. वि.' यंत्र समजते, देशमुख एक आणि रा. वि. दुसरे! म्हणून असे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे.

आणखी एक. कागदी पत्रात मायना आत, पत्ता पाकिटावर. ईमेललाही असेच पाकीट असते. मायन्यात नाव शोभते. पाकिटावर मात्र फक्त पत्ता हवा. तेथे नावासकट सारी ओळ घातली, तर पलीकडचे यंत्र पत्र घेत नाही.

तेव्हा शिक्षकमित्रहो, यादीत नाव एका रकान्यात, पत्ता दुसऱ्यात ठेवा. दोन्हींची ओळ हाताने जोडू नका. प्रोग्रॅमच्या भाषेत त्यासाठी तयार साधन असते, ते मराठी नावही नीट बसवते. पहिले पत्र स्वतःलाच पाठवून पाहा. परत आलेले पत्र पुसून टाकू नका, वाचा. ते का परतले, हे बहुधा त्यातच लिहिलेले असते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख एका स्वल्पविरामापायी एखाद्या घरी कळली नाही, तर नुकसान यंत्राचे होत नाही. शिकणाऱ्या पोरीचे होते. तेवढे लक्षात ठेवू या.