मैदान सुटल्यावर

(महोत्सवी क्रीडासामन्यांच्या समारोपप्रसंगीं राधानगरी येथें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवानिमित्त चाललेले सामने आज संपले. विजयी खेळाडूंचें अभिनंदन व्यवस्थापक मंडळींनीं यथास्थित केलेंच आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मंडळींविषयीं, म्हणजे जे कालपरवांपर्यंत खेळत होते व आतां खेळत नाहींत त्यांच्याविषयीं.

आपल्या ह्या मुलुखांत खेळ ही केवळ करमणूक नव्हे. शाहू महाराजांनीं मल्लविद्येस आश्रय दिला, खासबागेचें मैदान बांधलें. पुढें फुटबॉल आला तोही तालमींच्याच अंगणांत रुजला. आजही कोल्हापुरांतील कित्येक संघांचीं नांवें पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशींच आहेत, आणि सामन्याच्या दिवशीं शाहू स्टेडियमकडे पेठच्या पेठ लोटते. अशा ठिकाणीं चांगल्या खेळणाऱ्या पोराला स्वतःचें नांव उरत नाहीं. तो अमक्या पेठेचा बॅक, तमक्या तालमीचा गोली होतो. चहावाला त्याजकडून पैसे घेत नाहीं. हें सोळाव्या वर्षापासून फार तर तिसाव्या वर्षापर्यंत चालतें. मग गुडघा जातो, किंवा नुसतें वय होतें, आणि पुढच्या हंगामांत त्याच्या क्रमांकाची जर्सी दुसऱ्याच्या अंगांत दिसते. त्या वयांत शिक्षक नुकता कोठें शिकवूं लागलेला असतो, शेतकऱ्याच्या हातीं नुकता बापाचा कारभार येतो. खेळाडू मात्र त्याच वयांत म्हातारा ठरतो.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. बारा वर्षें ते खेळले. खेळ सुटल्यावर सामन्याच्या दिवशीं ते मागच्या गल्लीनें जाऊं लागले, कारण पुढच्या रस्त्यावर कोणीतरी हटकून विचारी, "काय हो, हल्लीं दिसत नाहीं?" झोप गेली. संध्याकाळीं पिणें सुरू झालें. लोक म्हणाले, माज उतरला. त्यांच्या पत्नीनें आम्हांस सांगितलें तें असें: "फादर, घरांत माणूस आहे, पण तो कोण आहे तें त्याचें त्यालाच कळत नाहीं." गुडघ्यासाठीं हे गृहस्थ तीन डॉक्टरांकडे गेले होते. मनासाठीं एकाकडे जावयास त्यांनीं सात महिने लावले. आणि गेले तेही कोणी ओळखणार नाहीं अशा दूरच्या शहरीं.

हा एकट्याचा दोष समजूं नका. फुटबॉल खेळाडूंच्या जागतिक संघटनेनें २०१५ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत २१९ निवृत्त खेळाडूंपैकीं सुमारें ३५ टक्क्यांनीं औदासीन्याचीं वा चिंतेचीं लक्षणें सांगितलीं. म्हणजे तिघांत एक. हे पोटासाठीं खेळणारे लोक होते. आपल्याकडे तर बहुतेक खेळाडूंस पेन्शन नाहीं कीं नोकरी नाहीं, नुसत्या टाळ्या आहेत.

टाळ्यांचें मोल काय तें खाशाबा जाधवांच्या चरित्रांत पाहावें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापुरांतच राजाराम कॉलेजांत शिकला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयास पैसा नव्हता, तेव्हां प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकलें. स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परतले तेव्हां बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढें ते पोलीस खात्यांत लागले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठीं त्यांना झगडावें लागलें, आणि १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं. त्यांच्या मनाची स्थिति काय होती हें आम्ही सांगूं शकत नाहीं, व तें गृहीत धरणेंही योग्य नव्हे. पण समाज किती लवकर विसरतो हें त्यावरून कळतें.

आतां आमच्या घरचें उदाहरण. संत इग्नाती लोयोलाकर हे मूळचे शिपाईगडी. १५२१ च्या मे महिन्यांत पांप्लोनाच्या वेढ्यांत तोफगोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाड वेडेंवांकडें जुळलें व बाहेर आलें. तंग बूट पायांत नीट बसावा एवढ्यासाठीं त्यांनीं तें कापवून घेतलें. (खेळाडू मंडळींस ह्यांत आपलें प्रतिबिंब दिसेल.) अंथरुणावर पडून त्यांनीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें वाचलीं आणि त्यांचें मन पालटलें, इतकें धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण शिकतों. पुढचें बहुधा कोणी शिकवीत नाहीं. पालट झाल्यानंतर, १५२२ सालीं मानरेसा येथें, त्यांचें चित्त इतकें पोळलें कीं खोलींतल्या एका मोठ्या भोंकांतून स्वतःस खालीं झोकून द्यावें असा मोह त्यांस वारंवार होई. हें त्यांनीं स्वतःच पुढें सांगून ठेविलें आहे. तेव्हां ज्याच्या मनांत असा विचार येतो त्याची श्रद्धा कमी पडली, असें कृपा करून कोणी म्हणूं नये. त्या खोलींत जो होता तो संत होता.

ह्या बाबतींत जुन्या मंडळींच्या मनांत एक भीति आहे, ती स्पष्ट बोललेली बरी. १९१७ च्या धर्मसंहितेंत, जाणूनबुजून आत्मघात करणारास ख्रिस्ती दफनविधि नाकारण्याचा नियम होता. १९८३ च्या संहितेंत तसा नियम नाहीं. ख्रिस्तसभेची शिकवण आज अशी आहे कीं, मनाच्या तीव्र व्याधीनें माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयीं आशा सोडूं नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठीं प्रार्थना करिते. म्हणून ज्यांच्या घरीं असें घडलें आहे त्यांनीं तोंड लपवूं नये, आणि शेजाऱ्यांनीं त्यांस लपवावयास लावूं नये.

आपल्या धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात. पाणी भरलें कीं उघडले, उतरलें कीं मिटले. कोणी जाऊन कळ दाबावी लागत नाहीं, आणि दर पावसाळ्यांत सारें कोल्हापूर त्याच बातमीकडे कान लावून असतें. माणसाच्या मनास तसे दरवाजे नाहींत. कोणीतरी बाहेरून उघडावें लागतें.

कुस्तीच्या तालमीनें ही गोष्ट फुटबॉलपेक्षां अधिक ओळखली असें आम्हांस वाटतें. तेथें उतरलेल्या मल्लास जागा असते, तो वस्ताद होतो. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत पदकें मिळवून आले. पुढें मोतीबाग तालमींत त्यांनीं पिढ्या घडविल्या, आणि २०१८ सालीं वारले तेही वस्ताद म्हणूनच. फुटबॉलच्या मंडळांत जुना खेळाडू बहुधा फोटोंतच उरतो. अर्थात् प्रत्येकाला शिकवितां येईल असें नाहीं, आणि ज्याला मैदानाचें तोंडही पाहवत नाहीं त्याला बळेंच शिटी देऊन उभें करणें हा जुलूम होईल. त्याला बाग, वाचन, दुकान, कांहींही चालेल. पण ज्या नांवानें आई त्याला हांक मारी त्या नांवानें त्याला हांक मारणारें कोणीतरी पाहिजे.

तेव्हां तरुण मंडळींस एवढेंच सांगणें कीं, खेळत असतांनाच एखादा धंदा शिका, परीक्षा पुऱ्या करा. घरच्यांनीं झोप, भूक, पिणें व अबोला ह्यांवर नजर ठेवावी. दोन आठवडे पालट दिसला नाहीं तर डॉक्टरांकडे न्यावें. पापनिवेदनानें पाप जातें, ताप उतरत नाहीं; आमच्याकडे जरूर या, पण आमच्याकडे येऊन डॉक्टर टाळूं नका. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनि-सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ हा असून दिवसरात्र मराठींतही बोलतां येतें, आणि पैसे पडत नाहींत. तो क्रमांक आम्हीं मंदिराच्या सूचनाफलकावर लाविला आहे, आणि ज्यांस फलकापाशीं उभें राहून उतरून घेण्याचा संकोच वाटेल त्यांच्यासाठीं ह्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावरही छापला आहे.